आर्याचे चेंडू मोजणारा माणूस

तो माणूस आर्याकडेच बघतोय हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले. एरवी मला इतका वेळ लागत नाही.

२००३चा नोव्हेंबर, दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगपासून शाळेचं मैदान चालत सात मिनिटांवर. शाळा सुटली की आर्या प्रॅक्टिसला तिथेच थांबायची आणि मी चार वाजता जाऊन कुंपणाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे. बाकीच्या आया सहाला न्यायला यायच्या. सिद्धेश, माझा नवरा, म्हणायचा, "विनया, शाळेकडे वॉचमनचा पगार का नाही मागत तू?" परळची खोली विकून आम्ही इथे आलो त्याला दोनच वर्षं झाली होती. आजूबाजूला कोण कुठून आलेलं, कोणाला ठाऊक नाही. अशा ठिकाणी अकरा वर्षांच्या मुलीवर लक्ष ठेवलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे, मला कळायचं नाही.

माणूस पन्नाशीच्या आसपासचा. उंच, रापलेला, डोक्यावर रंग उडालेली निळी टोपी. उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर खाली. जाळीच्या कुंपणापलीकडे उभा राहायचा, कधी बसायचा नाही. डाव्या मुठीत काहीतरी लपवल्यासारखं धरलेलं असायचं. आर्याने चेंडू टाकला की त्याचा अंगठा हलायचा आणि बारीक आवाज यायचा. क्लिक. क्रिस्टिनाने चेंडू टाकला, अंगठा हलला नाही. बेलाने टाकला, नाही. पुन्हा आर्या. क्लिक.

आता या मुली बेसबॉल का खेळत होत्या ते सांगायला हवं, कारण त्यात आमचाही हात होता. जून महिन्यात खेळाच्या घरत सरांनी पालकांची मीटिंग घेतली. "क्रिकेटमध्ये, कबड्डीत तुमच्या मुलींना कोण विचारणार?" ते म्हणाले. "शंभर-शंभर शाळा असतात. बेसबॉलला आख्ख्या ठाणे जिल्ह्यात मुलींच्या टीम पाच. दोन मॅच जिंकल्या की राज्य स्पर्धा. राज्याचं सर्टिफिकेट म्हणजे पुढे दहावीला वाढीव मार्क, कॉलेजला खेळाडूंच्या कोट्यातून ॲडमिशन." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. केलेली, पाचात पहिलं येण्याची शक्यता मी तिथल्या तिथे काढली होती. खेळ कसा असतो हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

खेळायला लागल्यावर कळलं की सगळी मदार चेंडू टाकणाऱ्या मुलीवर, म्हणजे पिचरवर. बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या जागेतून चेंडू गेला पाहिजे. आमच्या टीममध्ये ते फक्त आर्याला जमायचं. त्यामुळे प्रॅक्टिसलाही बहुतेक तीच टाकायची, मॅचलाही तीच. घरत सर तिला "आमची तोफ" म्हणायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

चौथ्या दिवशी मी त्या माणसासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमचं कोणी आहे का या टीममध्ये?"

"नाही बाई," तो म्हणाला. मग, "ती तुमची मुलगी ना? कुठल्या महिन्यातला जन्म तिचा?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

तो माझ्या खांद्यांकडे बघत होता, मग हातांकडे, मग माझ्या चपलांकडे. पायांची लांबी मोजल्यासारखं. मी ओढणी घट्ट केली. "उंच होणार ती," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, आणि पाकिटाएवढ्या वहीत काहीतरी लिहून निघून गेला.

सिद्धेशला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, रिटायर्ड माणूस असेल, वेळ जात नसेल."

"रिटायर्ड माणसं बायकांचे पाय बघतात?"

"काही बघतात," तो म्हणाला आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

माहिती मिळाली ती लिलीकडून. लिली भुईगावची. एक दिवसाआड वेलची केळी, वाल, कारली घेऊन आमच्या गेटपाशी बसायची. मी टोपी आणि खांदा सांगितल्याबरोबर तिने ओळखलं.

"तो आमच्या वाडीतला ॲन्सेल्म, बाय. डेल्फिनमावशीचा. पाद्री व्हायला गेलेला इटलीला, सतरा-अठरा वर्षांचा असताना. आख्ख्या गावाने बँड लावून पोचवला त्याला विमानतळावर."

"मग?"

"मग काय! पाद्री न्हाय झाला. तिथे चेंडू खेळत बसला. पैसे घेऊन खेळायचा म्हणे. मावशीने वर्षभर पहिल्या बाकावर बसायचं सोडलेलं चर्चमध्ये, लाजेने. लगीन न्हाय, पोर न्हाय. तीस-बत्तीस वर्षांनी आला परत. आता मावशी खाटेवर, म्हणून आला म्हणतो." लिलीने केळ्यांच्या फणीवरची मुंगी उडवली आणि आवाज खाली आणला. "पन लोक दुसरं बोलतात."

"काय बोलतात?"

"तिथे पोरांना शिकवायचा ना. एका पोराच्या हाताचं काहीतरी केलंन. कायमचं. म्हणून यावं लागलं. मला नको विचारू काय केलंन, मी बघायला नव्हते. एक डझन देऊ की दोन?"

मी दोन डझन घेतली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ते एकच वाक्य राहिलं. पोराच्या हाताचं काहीतरी केलं. कायमचं.

त्यानंतरच्या सोमवारी मला मैदानावर पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. गॅसवाला आला होता. बघते तर तो कुंपणाच्या आत. आर्यासमोर गुडघ्यावर बसलेला. तिचा उजवा हात त्याच्या हातात, आणि अंगठ्याने तो तिच्या कोपराची आतली बाजू दाबत होता. आर्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. क्रिस्टिना नंतर आर्याला म्हणाली की तुझ्या मम्मीला एवढ्या शिव्या येतात माहीत नव्हतं. तो उठला, दोन पावलं मागे गेला, दोन्ही हात मला दिसतील असे समोर धरले. "बाई, तिचं कोपर बघा," एवढंच म्हणाला. घरत सर पळत आले. त्यांनी त्याला दंडाला धरून गेटपर्यंत नेलं आणि शाळेच्या वॉचमनला, शत्रुघ्नला, सांगितलं की हा माणूस पुन्हा मैदानाच्या आसपास दिसला तर आपल्याला बोलवायचं.

झटापटीत त्याची वही खाली पडली होती. ती मी उचलली. घरी दार लावून उघडली. एका पानावर वरती ‘आर्या’. खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेसमोर एक आकडा. ९४. ११२. ८८. १३१. १२७. शेवटच्या तारखेला १४०, आणि त्याच्याभोवती दोनदा गोल. बाकीच्या मुलींची नावंसुद्धा नव्हती. मी ती वही सिद्धेशला दाखवली. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "पोलिसात जायचं का?" मीच म्हटलं, आता हाकललाय, बघू.

आठवडाभर माणूस दिसला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बुधवारी सकाळी मी बाथरूमच्या दाराशी उभी होते आणि आर्या डाव्या हाताने दात घासत होती.

"असं काय करतेस?"

"असंच. सवय करतेय."

दुसऱ्या दिवशी तिने दप्तर डाव्या खांद्याला अडकवलं. वेणी घालायला मला बोलावलं, जी ती वर्षभर स्वतः घालत होती. मी कोपर चाचपलं तर तिने हात झटकला. "काही नाही झालेलं! सरांना सांगू नकोस हं आई. पुढच्या शनिवारी मॅच आहे."

आमच्या डॉक्टरांनी हात वाकवून बघितला, स्नायू आखडलाय म्हणाले, मलम दिलं, दप्तराचं ओझं कमी करा म्हणाले. मला मात्र खात्री होती. त्या माणसाने त्या दिवशी दाबताना काहीतरी केलं होतं. इटलीतल्या पोराला केलं तसंच. मी वही पर्समध्ये टाकली, वसई रोड स्टेशन ओलांडून पश्चिमेला आले आणि भुईगावची एसटी पकडली.

वाडीत नाताळची तयारी चालली होती. अंगणाअंगणात बांबूच्या कामट्यांचे तारे सुकत पडले होते. त्याचं घर कोणीही दाखवलं. तो पडवीत म्हाताऱ्या आईला पेज भरवत होता. डाव्या हाताने. मला बघून त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. वाटी खाली ठेवली, आईचं तोंड पुसलं, मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"काय केलंत तुम्ही माझ्या मुलीच्या हाताला?"

"मी नाही केलं," तो म्हणाला. "वही आणली का? उघडा. शिकलेल्या दिसता. आकडे वाचा."

"वाचले. कसले आहेत?"

"एका दिवसात तिने टाकलेले चेंडू."

त्याने उशाखालून एक स्टीलचं छोटं यंत्र काढून पडवीच्या कठड्यावर ठेवलं. वरती बटण, बाजूला आकड्याची खिडकी. जत्रेत माणसं मोजायला असतं तसलं.

"या वयात साठ. फार तर सत्तर. मग तीन दिवस हात बंद. पोरांच्या कोपरात हाडाचं टोक कच्चं असतं बाई, कूर्चा असते ती. प्रत्येक चेंडूला तिला हिसका बसतो. दुखतं तेव्हा पोरं सांगत नाहीत, कारण सांगितलं की दुसऱ्याला उभं करतात. म्हणून मोजायचं. पोराला विचारायचं नाही, मोजायचं. आमचं काम तेच असतं."

"आमचं म्हणजे कोणाचं?"

तेव्हा त्याने सांगितलं. फार लांबण लावली नाही. सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवायच्या शाळेच्या, मागे एक मैदान होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपाई त्या किनाऱ्याला उतरले होते, जाताना हा खेळ ठेवून गेले. दुसऱ्या वर्षी त्याने भिंतीवरून आलेला चेंडू परत फेकला आणि तो पलीकडच्या गृहस्थाच्या ग्लोव्हमध्ये असा बसला की ते गृहस्थ संध्याकाळी सेमिनरीच्या प्रमुखांना, फादर रेक्टरांना, भेटायला आले. दीड वर्ष त्याने अभ्यास आणि खेळ दोन्ही केलं, मग एकच. त्या गावाच्या टीमकडून अकरा वर्षं पगारावर खेळला. एका रविवारी दोन मॅच सलग टाकल्या, आणि सोमवारपासून खांदा वर जाईना. मग मुलांचा कोच झाला. मग क्लबने गावोगाव पाठवलं, पोरं हेरून आणायला. पोराला बघायच्या आधी त्याच्या आईला बघायचं, तिची उंची, खांदे, पावलं. पोराचं नेमकं वय जन्माच्या महिन्यावरून कळतं आणि ते किती वाढेल ते आईवर दिसतं, असं तो म्हणाला.

मी खुर्चीच्या मागे सरकले.

"आणि तो मुलगा?" मी विचारलं. "ज्याच्या हाताचं तुम्ही काहीतरी केलंत?"

म्हातारीने पेजेसाठी तोंड उघडलं होतं. त्याने तिला एक चमचा दिला. मग म्हणाला, "मीच शोधून आणलेला. बारा वर्षांचा. फायनल होती. नव्वदच्या पुढे मी मोजायचं बंद केलं. जिंकत होतो ना." पुढचा चमचा भरला. "आता त्याचा हात इथपर्यंतच सरळ होतो." त्याने स्वतःचं कोपर अर्धवट वाकवून दाखवलं.

म्हणजे लिलीने सांगितलं ते खरंच होतं. मला राग यायचा थांबला नाही, उलट वाढला. "आणि आता माझ्या मुलीवर पुण्य कमवायला निघालात? की हेरायला? खरं सांगा, तिथे कोणाला काही कळवलंय का तिच्याबद्दल?"

"कळवलंय," तो म्हणाला. "पत्र टाकलंय. मुलींची टीम काढतायत ते, पाच-सहा वर्षांनी. शोधायला नव्हतो आलो. पण दिसलं ते दिसलं."

"मला न विचारता?"

"न विचारता. तुम्ही नाही म्हणाला असता."

इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा की अजिबात ठेवू नये, हे मला एसटीत बसूनही ठरवता आलं नाही. आकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. ते खरे होते. त्या प्रत्येक तारखेला मी बाकावर बसलेली होते, आणि तिच्या हाताकडे सोडून सगळीकडे बघत होते.

शुक्रवारी मी घरत सरांना गाठलं. ते हसले. "मॅडम, त्या माणसाला तुम्हीच हाकलायला लावलंत, आता त्याचंच ऐकता? बरं, क्रिस्टिनाला अर्धी मॅच देऊ. हो हो, बघू आपण." सिद्धेश म्हणाला, "एक दिवसाचा प्रश्न आहे. जिंकल्या तर राज्य. आर्याला काय वाटेल याचा विचार कर." त्याचं ते चूक नव्हतं. आर्याने नवे बूट तीन दिवस उशाशी घेतले होते.

शनिवारी ठाण्याच्या मैदानावर सकाळी सेमीफायनल, दुपारी फायनल. मी ओढणीखाली बोटांच्या पेरांवर मोजत होते. सेमीफायनलला क्रिस्टिनाला बोलावलंच नाही. एक्क्याऐंशी. आम्ही जिंकलो. आयांनी लाडू वाटले. बेलाची आई मला मिठी मारून म्हणाली, "तुमच्या आर्यामुळे आमच्याही पोरी तरल्या हो!" दोन वाजता फायनल सुरू झाली, पिचर आर्या. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "दोन डाव होऊ दे, मॅडम." दोन डाव झाले. सकाळचे धरून एकशे सात. ते माझ्याकडे बघेनात.

तिसऱ्या, शेवटच्या डावात आम्ही पुढे होतो. एकशे पंधराव्या चेंडूनंतर आर्याने हात मांडीवर घासला. एकशे सोळानंतर पुन्हा. एकशे सतराला तिने ओठ आत ओढून घेतले. हा चेहरा मी एकदा पाहिला होता, आणि तेव्हा मी वेगळ्याच माणसावर ओरडले होते.

मी चुन्याची रेघ ओलांडून आत गेले.

"ओ बाई! बाहेर! मैदानाबाहेर!" पंच ओरडले. मी चालत राहिले. मैदान टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा फार मोठं असतं.

"आई, जा ना!" आर्या दात आवळून म्हणाली. "प्लीज जा. सगळे बघतायत."

"चेंडू दे."

"तीनच उरल्यात! तीन आऊट झाल्या की—"

"चेंडू दे, आर्या."

तिने दिला नाही. मी तिच्या बोटांतून काढून घेतला. तिला तो धरूनही ठेवता आला नाही, इतकी ती बोटं ढिली होती. ते मला फक्त जवळ गेल्यामुळे कळलं.

घरत सर पोचले. "मॅडम, ही एकट्या तुमच्या मुलीची टीम नाहीये. नऊ मुलींचं वर्षाचं नुकसान करताय तुम्ही. कोणाच्या सांगण्यावरून? त्या पळून आलेल्या माणसाच्या?"

"तुम्ही अर्धी मॅच क्रिस्टिनाला देणार होतात, सर."

"जिंकत असताना कोण बदलतं?"

मला भुईगावच्या पडवीतला तो चमचा आठवला. आर्याच्या दंडाला धरून, डाव्या, मी तिला बाहेर आणलं. क्रिस्टिना टाकायला उभी राहिली. बिचारीचे चेंडू कुठेही जात होते. वीस मिनिटांत आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. बेलाची आई पुढून, मागे न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "एवढं होतं तर घरी ठेवायची ना पोरगी, शोकेसमध्ये." कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे हो, तिची आई आहे ती." ते माझ्या बाजूने होतं की नव्हतं, कळलं नाही. आर्या क्रिस्टिनाजवळ बसली होती, खिडकीकडे तोंड करून. क्रिस्टिनाच रडत होती आणि आर्या तिची समजूत काढत होती.

मला अजून माहीत नव्हतं मी बरोबर केलं की नाही. सोमवारी बोरिवलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार होते. एक्स-रे काढल्यावर कदाचित ते म्हणतील, काही नाही झालेलं, उगाच घाबरलात. मग मी या नऊ मुलींना आणि त्यांच्या आयांना कुठल्या तोंडाने भेटणार? आणि काही झालेलं असेल, तर स्वतःला कुठल्या तोंडाने?

बस नायगावच्या पुढे आल्यावर आर्या उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

"मी आता कधीच टाकायचं नाही का?"

"मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

मी उत्तर टाळलं असतं तर तिने ते लगेच ओळखलं असतं. "भुईगावला आहे तो माणूस. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मग रविवारी जाऊ त्यांच्याकडे, विचारू."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "तू तर त्यांना हाकललंस."

"हो. त्यांना सॉरी म्हणावं लागेल मला. पण एक सांगून ठेवते. ते तुला शिकवोत, न शिकवोत, मी तिथे समोर बसणार. ते तुझ्या हाताला हात लावतील तेव्हा मला विचारून. आणि कुठे पत्रंबित्रं पाठवायची असतील, तर ती आधी मी वाचणार."

"तिथे बाक थोडाच असणार, आई."

"मी खुर्ची घेऊन जाईन."

आर्याने डोळे फिरवले आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. पण उठून क्रिस्टिनाकडे परत गेली नाही.